एका चुलीचं घर

आपल्याला बोलावलंय ते आपल्या जाणतेपणासाठी, असा सुचिताचा आपला समज झाला होता. माणूस साठीला टेकलं तरी घरच्यांच्या बाबतीत शहाणं होत नाही, ते असं.

फोन बुधाजीचा होता. थोरला भाऊ एरवी फोनवर दोन वाक्यांच्या पुढं जायचा नाही, पण त्या दिवशी चांगला पाच मिनिटं बोलला. आयेला दवाखान्यातून सोडताहेत, सोबत ऑक्सिजनचं मशीन देताहेत, नि डॉक्टरीणबाईंनी बजावलंय की यापुढं चुलीचा धूर बंद म्हणजे बंद. शिवाय मशीन चालू असताना जवळपास उघडा विस्तवही चालायचा नाही. "तूच ये आता. सोनारानंच कान टोचावेत," म्हणून त्यानं फोन ठेवला. सुचिता तेव्हा मलावीतल्या एका खेड्यात, परक्या अंगणात बसून सरपणाच्या मोळ्या ताणकाट्यावर तोलत होती. काम संपायला नऊ दिवस उरले होते. ते तिनं सोबत्यांवर टाकलं, विमान धरलं, भाऊच्या धक्क्यावरून लाँच धरली, रेवसला उतरून अलिबागपर्यंत एसटी नि पुढं रिक्षा. पोचली तेव्हा शनिवारची दिवेलागण झाली होती. आय मधल्या खोलीत कॉटवर होती, नाकात नळी, उशाशी घुरघुरणारं मशीन. तिनं लेकीचा हात धरला, "वाळलीस गं," म्हणाली नि डोळे मिटले.

घरोघरी मातीच्या चुली असं लोक नुसतंच म्हणतात. सुचितानं त्या खरोखरच दारोदार जाऊन मोजल्या होत्या. बत्तीस वर्षं तिचं हेच काम. नेपाळच्या डोंगरात, बांगलादेशात नदीच्या गाळावर वसलेल्या गावांत, कंबोडियात, आफ्रिकेतल्या चार देशांत. कुठं निर्धूर चुली बसवल्या, कुठं गोबरगॅस, कुठं छपरावर सौरदिवे. काही ठिकाणी पोरं त्या दिव्याखाली शिकून मोठी झाली, त्यांची पत्रं यायची. काही ठिकाणी दोन वर्षांत बॅटऱ्या मेल्या नि त्या काळ्या पाट्यांवर कावळे बसू लागले. लग्नाचं राहून गेलं ते गेलंच. पुण्यात भाड्याची दोन खोल्यांची जागा, तीही वर्षातले आठ महिने बंद. अलीकडं तिला नवीन गावात शिरताना आधी झोप यायची. बायका गोल करून बसल्या की त्या काय म्हणणार, आपण काय म्हणणार, कागदावर शेवटी काय उतरणार, हे सगळं तिला आधीच दिसायचं. त्याचा फार थकवा यायचा, नि तो कुणाला सांगायची सोय नव्हती.

रविवारी सकाळी तिला जाग आली ती धुराच्या वासानं. आपण कुठल्या देशात आहोत हे क्षणभर कळेना. मग खोकला ऐकू आला नि ती धडपडत मागच्या पडवीत धावली. आयेनं नाकातली नळी काढून खुंटीला नीट अडकवून ठेवली होती, भिंतीला धरधरून पडवी गाठली होती, राखेखालचा रात्रीचा विस्तव फुंकून चूल पेटवली होती. तांदळाच्या दोन भाकऱ्या भाजून झालेल्या, तिसरी तव्यावर, नि आय भिंतीला टेकून माशासारखं तोंड उघडमीट करत होती. ओठ जांभळे पडलेले. बुधाजीनं तिला उचलून आत नेलं, त्याच्या बायकोनं, केसरनं, तव्यावरची भाकरी उतरवली नि लाकडं बाहेर ओढली. अर्ध्या तासानं आयेचा श्वास जागेवर आला. तेव्हा ती पहिलं काय बोलली असेल, तर सदाच्या दोन भाकऱ्या वर पोचवा.

आता हे जरा उलगडून सांगायला हवं. घरात गॅस नव्हता अशातला भाग नाही. खाली बुधाजीच्या स्वयंपाकघरात बारा वर्षं गॅस होता. धाकट्या सदाचे ट्रक चालायला लागल्यावर त्यानं वर मजला चढवला, तिथं त्याच्या मृणालचा वेगळा ओटा, वेगळा गॅस. भात-आमटी ज्याची त्यानं करायची. पण सकाळची भाकरी मात्र आयेच्या चुलीवरची, खालीही नि वरही. गावाच्या हिशेबात त्यामुळं हे एका चुलीचं घर होतं. शिमग्याला पालखी दारात यायची ती एकदाच, ओटी एक, नारळ एक, नि तो पुढं करायचा मान बुधाजीचा. यंदा सदानं जिन्याच्या पायरीवर स्वतःचा नारळ ठेवला होता. बुधाजीनं चारचौघांत तो उचलून बाजूला केला. तेव्हापासून भाऊ कामापुरतं बोलत होते नि जावा तेवढंही नाही.

या चुलीत विस्तव ठेवायची पद्धत होती. रात्री निखारे राखेनं झाकायचे, सकाळी फुंकर घालायची. पाणी कधीच ओतायचं नाही. चुलीत पाणी पडलं म्हणजे घर फुटलं, किंवा मागं कुणी उरलं नाही, असा त्याचा अर्थ. नि आय तर सरळच सांगत होती की राखेखाली धग आहे तोवर मी उठणार, मला बांधून ठेवा नाहीतर काही करा.

दहाच्या सुमाराला सगळी मधल्या खोलीत जमली. बुधाजी खुर्चीवर, केसर दाराच्या चौकटीला टेकून, सदा खिडकीत. मृणाल जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली होती, ना धड आत ना बाहेर. बुधाजीनं घसा साफ केला नि सगळ्यांच्या वतीनं सुचिताला सांगितलं की बाई, तू शिकलेली, जगभर हेच सांगत फिरलीस, तुझं ती ऐकेल.

सुचितानं सांगितलं. फुप्फुसं म्हणजे काय, धुरातली बारीक काजळी आत कशी बसते, रोजच्या धुरात चाळीस-पन्नास वर्षं बसलेल्या बाईची छाती विडी ओढणाऱ्या बाप्यासारखीच कशी होते. हेच तिनं दुभाषे लावून पाच-सहा भाषांत सांगितलं होतं. आयेनं ते ऐकलं, नि ऐकताना जी मान हलवली ती सुचितानं लगेच ओळखली. त्या सगळ्या परदेशी अंगणांत बायका अशाच मान हलवायच्या. पाहुणी लांबून आली आहे, तिचा मान राखावा, म्हणून.

"तुझी ती नळीवाली चूल आठवते का?" आयेनं विचारलं.

आठवणार नाही कशी? नोकरीच्या आधीची, शिकत असतानाची गोष्ट. चोवीस वर्षांच्या सुचितानं पहिली निर्धूर चूल बसवली ती इथं, याच पडवीत. धूर नळीतून कौलाबाहेर जायचा. तिनं आठ दिवस लाकडं तोलली, निम्मं सरपण वाचतं असं लिहून नेलं, तिला शाबासकी मिळाली. चार महिन्यांनी येऊन बघते तर आयेनं नळी काढून गोठ्याच्या पन्हळीला लावलेली. अहवालात तेव्हा तिनं कारण लिहिलं होतं: सवय.

आय थांबत थांबत, श्वास पुरवून बोलली. धूर नळीतून जायला लागला नि चुलीवर टांगलेली सुकट त्या पावसाळ्यात अळ्यांनी खाल्ली. दोडक्या-काकडीचं बियाणं मऊ पडलं. कौलाखालच्या वाशांना वाळवी लागली, ते बदलायला बापाला रेवदंड्याहून सुतार आणावा लागला.

"मग तेव्हा सांगितलं का नाहीस?" सुचिता म्हणाली.

"तू इचारलंस कुठं? तू लाकडं तोललीस."

पस्तीस वर्षांनी ऐकूनही सुचिताला बरं वाटलं नाही ते नाहीच. सदानं खिडकीबाहेर तोंड करून हसू दाबलं, नि त्याचा तिला भारी राग आला.

ती नरमली असं पाहून बुधाजीनं हळूच आपली गाडी पुढं काढली. त्याचं म्हणणं असं, की चूल पार मोडायलाच हवी का? पडवीतून उचलून अंगणाच्या टोकाला आंब्याखाली मांडू. आयेनं तिकडं जायचं नाही. केसर पेटवेल, दोन्हीकडची भाकरी केसर करेल, म्हणजे आयेची छातीही राहील नि घरही राहील. घर राहील म्हणताना त्यानं सदाकडं बघितलं नाही, पण पालखीचा मान त्याच्या डोळ्यांपुढं होता हे कुणाला सांगायला नको होतं. सुचिताला वाटलं, काही वाईट तोड नाही. अशा मधल्या वाटा तिनंच किती गावांत सुचवल्या होत्या.

"मी न्हाय पेटवणार," केसर म्हणाली.

केसर ही अशी बाई की अडतीस वर्षांत तिचा आवाज ओसरीपर्यंत आला नव्हता. बुधाजीनं ऐकलंच नाही असं करून पुढं बोलायला सुरुवात केली, तर ती पुन्हा तेच म्हणाली, नि या वेळी चौकट सोडून आत आली.

"अडतीस वर्षं आत्यांच्या बाजूला बसून फुकतेय मी. घरात गॅस हाय, त्याच्यावर चहा करायचा नि भाकरीला धुरात जाऊन बसायचं. का, तर नवी सून आली नि चूल फोडली असं कुनी बोलाय नको. आता मी तरी नवी ऱ्हायले काय? वन्सं, तुम्ही समद्या जगाच्या छात्या बघता. माझी कधी बघितलीत?"

सुचितानं तिच्याकडं बघितलं. खरंच, पहिल्यांदाच बघितलं. डोळ्यांच्या कडा लाल, बोलताना गळ्याच्या शिरा ताठ. गॅस आला तरी बाई चूल सोडत नाही, हे दुखणं सुचिताच्या कामात फार जुनं. त्यावर तिनं स्वतः दोन मोठे अभ्यास केले होते, कोष्टकं मांडली होती. गॅस महाग, चव वेगळी, सिलिंडर वेळेवर येत नाही, सवय. चूल फोडल्याचा बोल नको, हे कारण तिच्या एकाही कोष्टकात नव्हतं. नि ते सांगणारी तिच्या माहेरच्या चौकटीला टेकून उभी होती.

मृणाल पायरीवरून उठली. दोन महिने अबोला धरलेली ही धाकटी जाऊ आत आली, केसरच्या शेजारी जमिनीवर बसली नि म्हणाली की वहिनी पेटवणार नसतील तर मीही पेटवणार नाही, वरची भाकरी मी वर करेन. केसरनं तिच्याकडं वळून बघितलं नाही, पण लुगड्याचा घोळ आवरून तिला जागा करून दिली.

खरं तर सदाला आता उकळ्या फुटायला हव्या होत्या. सात वर्षं तो हेच मागत होता. वेगळा उंबरा, वेगळा नारळ. पण तो खिडकीतून खाली उतरला नि त्याचा चेहरा पडला होता.

"चूल मोडली तर आय कुनाकडं?" त्यानं विचारलं.

बुधाजी म्हणाला, "दोघांकडं. महिना खाली, महिना वर."

"म्हंजे मी आता वार लावून जेवायचं," आय म्हणाली.

मशीन घुरघुरत होतं. बुधाजी जमिनीकडं बघत होता, सदा बुधाजीकडं. आयेला ठेवायला दोघांचीही ना नव्हती, पण 'माझ्याकडं' हा शब्द आधी कुणी काढायचा? बुधाजीनं काढला तर थोरल्यानं आई बळकावली, सदानं काढला तर धाकट्यानं चूल फोडून आई पळवली. बायका तर बोलूच शकत नव्हत्या. सुचिता उठून पडवीत गेली, जरा वारा घ्यावा म्हणून.

नि तिथं तिला कळशी दिसली. चुलीपासून हातभर अंतरावर, तांब्याची, घासलेली, काठोकाठ भरलेली. सकाळच्या धांदलीत ती तिथं नव्हती. पिण्याचं पाणी पडवीत कधीच ठेवत नसत.

तेव्हा कुठं तिच्या डोक्यात उजेड पडला. कान टोचायला सोनार आणला होता तो याचसाठी. आयेला समजावून सांगायचं काम काय, दवाखान्यातल्या बाईंनी चोख केलं होतं, आणि आयेला ते समजलंही होतं. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला माणूस हवा होता. लेकांनी चुलीत पाणी ओतलं तर गाव थुंकेल, सुनांनी ओतलं तर जन्माचा बोल. लेक बाहेरची. ओतेल, विमानात बसेल, जाईल. म्हणे जगभर चुली बंद करत फिरते, तिनं घरचीही केली, असं म्हणून चार दिवसांत गाव विसरेल.

"ही कळशी कुणी भरून ठेवली?" तिनं आत येऊन विचारलं.

केसरनं पदर तोंडाला लावला. बुधाजीनं खुर्चीचा हात खरवडायला घेतला. सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं, अबोल्यातही, दोन्ही मजल्यांनी. एवढं एका विचारानं या घरानं गेल्या सात वर्षांत दुसरं काही केलं नव्हतं. सुचिताला संताप यायला हवा होता. आला तो नुसता शिणवटा. इतकी वर्षं बाहेरची बाहेरची म्हणून परक्या लोकांच्या स्वयंपाकघरात शिरत आले, नि इथंही मी बाहेरचीच. तिला तिथल्या तिथं बसून रडावंसं वाटलं.

पण काम ते काम. आयेनं उद्या पुन्हा नळी काढली तर परवाचा दिवस दिसेल याची खात्री नव्हती, नि या घरात दुसरं कुणी हलणार नव्हतं. सुचिता परत पडवीत गेली. तिनं कळशी उचलून कमरेला घेतली. शकुन-अपशकुनावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. चुलीच्या तोंडाशी सकाळची राख सांडलेली, आत दोन निखारे अजून डोळे मिचकावत होते. तिनं कळशी तिरकी केली, नि हात थांबला. थांबला तो थांबलाच. आपलाच हात, पण ऐकेना.

"आन हिकडं."

आय दारात उभी होती. नळी पुन्हा काढून आली होती. एका बाजूनं सदा, दुसऱ्या बाजूनं मृणाल तिला धरून. सुचिता म्हणाली की आये, तू नको, मी करते.

"तुझ्या हातानं नको. तू जाशील निघून, नि मागं तुझंच नाव घेतील. म्हायेर आसं सोडू नये लेकीनं."

ती खाली बसली. कळशी तिला पेलणार नव्हती म्हणून तिनं ओंजळ पुढं केली नि सुचितानं त्यात पाणी घातलं. पहिली ओंजळ पडली तेव्हा चूल फस्सकन फुत्कारली, राख उडाली, आयेला ठसका लागला. सगळी धावली तर तिनं हातानंच मागं सारलं. दुसरी ओंजळ, तिसरी. चौथीला आवाज आला नाही. आयेनं ओला हात चुलीच्या कडेवरून फिरवला, दर आठवड्याला सारवताना फिरवायची तसा, नि तो हात लुगड्याला पुसला.

"सदा, पुढच्या शिमग्याला तुझा नारळ तू ठेव," ती म्हणाली. "बुधा, तू हात लावू नको त्याला."

बुधाजी साठी उलटलेला माणूस, भिंतीकडं तोंड करून हुंदके देऊन रडला. सदाही रडला. नारळ मिळाला म्हणून खूश होण्याइतकंही त्याच्यात काही उरलं नव्हतं. सुचिता तशीच रिकामी कळशी धरून उभी होती. आयेला आत नेलं, नळी लावली, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावून बघितलं, आकडा हळूहळू वर आला.

दुपार झाली, पोटं कुणाला चुकली आहेत? केसर आपल्या ओट्याशी गेली, गॅस पेटवला, तांदळाच्या पिठाची उकड काढली. थोड्या वेळानं मृणाल वरून तिचं पीठ घेऊन आली नि मळायला बसली. आय कॉटवरून उतरून स्वयंपाकघराच्या दारात बसली. नळी तेवढी लांब होती, नि सुचितानं मशीन ढकलत आणून गॅसपासून चांगलं दूर, भिंतीआड ठेवलं होतं. आयेनं दोन्ही हात मांडीत ठेवले होते. त्या हातांचं काय करायचं ते तिला उमगत नव्हतं, दिसतच होतं.

"केसर, मला वाढ गं जेवायला," ती म्हणाली. हे वाक्य तिच्या तोंडून या घरात पहिल्यांदाच निघालं असावं, कारण केसरचा हात परातीतच राहिला.

मग केसरनं बुधाजीला हळूच विचारलं, आत्यांना किती भाकऱ्या लागतात? बुधाजी म्हणाला, एक असेल. मग म्हणाला, दीड. त्यानं सदाकडं बघितलं. सदाला ठाऊक नव्हतं. मृणालनं मान हलवली. सगळ्यांनी सुचिताकडं बघितलं. परक्या घरांत शिरून, कोण किती खातं, कोणासाठी किती शिजतं, हे तिनं हजारो वेळा विचारलं होतं नि चौकटीत लिहून घेतलं होतं. तिला ठाऊक नव्हतं.

"आये, तुला किती लागतात?" शेवटी तिनंच विचारलं.

आयेनं खरंच विचार केला. कपाळाला आठी घालून, बोटांवर काहीतरी मोजून, मनापासून.

"मला तरी कुठं ठावं?" ती म्हणाली. "समद्यांचं झाल्यावर उरंल ती खायची मी."

केसरनं तिच्या ताटात दोन वाढल्या, नि ती किती खाते ते बघायला सगळी तिच्यासमोर बसली.